सात हजारांची गाडी

लिनेट ऑर्मरॉडने सपातांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर सतरा वर्षं काढली होती. समोरून आलेली सपात हातात घ्यायची, तळ वाकवायचा, टाका नखाने उचकून बघायचा, आणि जरा खोट दिसली की बाजूच्या पेटीत टाकायची. कारखाना बंद पडला, टेबल भंगारात गेलं, पण उचकून बघायची सवय काही गेली नाही. दूधवाल्याने हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तरी ती आधी बाटलीचं झाकण तपासायची.

कारखान्याने निरोपाचे म्हणून अकरा हजार पौंड हातावर ठेवले. हॅगशॉसारख्या टेकड्यांत दडलेल्या गावात चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसरी नोकरी मिळणं कठीणच होतं. तशात वर्तमानपत्रांच्या दुकानाच्या काचेवर तिला एक चिठ्ठी दिसली. खिडक्या धुण्याची फेरी विकणे आहे. दोनशे दहा घरं, दर चार आठवड्यांनी. गाडी, पाण्याची टाकी, ब्रशाचे लांब दांडे, शिड्या यांच्यासकट नऊ हजार. क्लिफर्ड एन्टविसल.

क्लिफर्डला ती ओळखत होती, म्हणजे गावातले सगळेच ओळखत होते. अडुसष्ट वर्षांचा, रुंद खांद्यांचा, सदा शीळ घालणारा माणूस. तो तिच्याही खिडक्या धुवायचा. आपल्या स्वयंपाकघरात त्याने तिला चहा दिला, आल्याच्या केकचा तुकडा पुढे सरकवला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं.

लिनेटने वाचलं. गाडी आणि सामान, सात हजार. गिऱ्हाइकांची यादी, दोन हजार.

“गाडी बघू,” ती म्हणाली.

गाडी अंगणात उभी होती. चौदा वर्षांची, पांढरी, दारांच्या कडांना गंज चढलेला. आत पट्ट्यांनी जखडलेली टाकी मात्र नवी दिसत होती.

“हिचे सात हजार?”

“टाकी नवी आहे, पोरी.”

“टाकी नवी असेल हो. पण तिच्याखाली चाकं आहेत ना, ती कुठल्या सालची?”

क्लिफर्ड मोठ्याने हसला. “अगं, तुला एकूण नऊच द्यायचेत ना? मग ते माझ्या कुठल्या खिशात किती जातायत, याची तुला कशाला फिकीर?”

लिनेट हसली नाही. पैशांची फिकीर करू नकोस असं समोरचा सांगायला लागला, की तिचा हात आपोआप पाकिटाकडे जायचा. विचार करून सांगते म्हणाली आणि निघाली. केकला तिने हातही लावला नव्हता.

हिल्डा व्हिटलचं ऑफिस मासे-चिप्सच्या दुकानाच्या वर होतं. चाळीस वर्षं गावातल्या न्हाव्यांचे, खाटकांचे आणि सुतारांचे कर त्याच खोलीत भरले गेले होते, आणि प्रत्येक फायलीला तळलेल्या माशाचा वास होता. मिस व्हिटलने क्लिफर्डचा कागद चष्म्याखालून वाचला, मग चष्मा वर करून वाचला.

“हे कोणी लिहिलं?”

“त्यानेच. काही डाव आहे ना? मला वाटलंच होतं.”

“डाव असेल तर उलटा आहे,” मिस व्हिटल म्हणाल्या. “बसा. सांगते. तुम्ही गाडी-टाकी-शिड्यांसाठी जे द्याल, ते पहिल्याच वर्षी कमाईतून वजा करता येतं. सात हजारांची गाडी घेतलीत तर सात हजारांवरचा कर वाचला. कळलं?”

“कळलं.”

“यादीचं तसं नाही. दोनशे दहा घरांची लोकं पूर्वी त्याला दार उघडायची, ती आता तुम्हाला उघडतील, एवढंच तुम्ही विकत घेताय. गुडविल म्हणतात त्याला. तो भांडवली खर्च. त्यातला एक पौंडही कमाईतून वजा होत नाही. पुढे कधी तुम्ही ही फेरी विकलीत, तर तेव्हा नफा काढताना तो धरायचा. तोवर विसरून जायचं.”

“मग यादी दोन हजारांची नि गाडी सात हजारांची, हे माझ्या फायद्याचं झालं.”

“चांगलं हजारभर पौंडांच्या फायद्याचं.”

लिनेटच्या कपाळावर आठी आली. “आणि त्याच्या?”

“तीच तर गंमत आहे. त्याने गाडीची किंमत कधीच कमाईतून वजा करून टाकली असणार. आता तिचे जेवढे येतील ते सगळे कमाईत धरले जातील, पुरा कर लागेल. तेच यादीचे म्हणून घेतले असते, तर पहिल्या तीन हजारांच्या नफ्यावर काहीच नाही, त्यापुढच्यावर कमी दराने. विकणारा नेहमी यादी फुगवतो नि घेणारा गाडी. वर्षानुवर्षं दोघं माझ्यासमोर बसून यावरच भांडतात. विकणाऱ्यानेच गाडी फुगवलेली मी आज पहिल्यांदा बघतेय.”

“मूर्ख आहे म्हणायचं का?”

“क्लिफर्ड एन्टविसल?” मिस व्हिटलनी कागदाची घडी घातली. “नाही. आणि हेही सांगते, मनाला येतील ते आकडे टाकता येत नाहीत. विभागणी वाजवी हवी. चौदा वर्षांची गाडी सात हजारांना, हे करखात्यातल्या कोणी वाचलं तर प्रश्न येईल, नि तो तुम्हालाही येईल. त्याला विचारा, का ते.”

लिनेटने विचारलं नाही. विचारलं की माणूस तयार उत्तर देतो, हे ती कारखान्यात शिकली होती. तिने वेगळीच अट घातली. सही करण्याआधी एक आठवडा तुमच्याबरोबर फेरीवर येते, घरं बघते, दांडा हातात धरून बघते.

क्लिफर्ड कबूल झाला, पण पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की हा फक्त नदीच्या अलीकडची घरं दाखवतोय. काम तो मन लावून शिकवायचा. दांडा कसा तोलायचा, ब्रश चौकटीवर आधी का फिरवायचा, जुन्या काचेला रबरी पट्टी कुठल्या कोनात लावायची. शीळ घालत घालत तो काचेवरचं पाणी एका दमात खाली आणायचा. बघत राहावं असं काम. पण पलीकडे कधी जायचं म्हटलं की त्याची शीळ थांबायची.

“पलीकडची, मिल ब्रोची माणसं जरा विचित्र आहेत. नवीन चेहरा बघून बिथरतात. ते मी हळूहळू करतो.”

“यादीत सत्तर घरं पलीकडची आहेत, क्लिफर्ड.”

“आहेत ना. कुठे पळून जातायत?”

बुधवारी तो म्हणाला, “हे बघ, बर्नलीचा एक माणूस शनिवारी यायचा म्हणतोय. रोख देतो म्हणतो. मी तुला शब्द दिलाय म्हणून थांबलोय. पण फार दिवस नाही हं थांबायचो.”

बर्नलीचा माणूस लिनेटला अजिबात पटला नाही. गुरुवारी पोट बिघडल्याचं सांगून तिने दांडी मारली आणि पूल ओलांडून मिल ब्रोचा चढ चढली. तिला वाटत होतं, सत्तरातली अर्धी घरं नसतीलच. नाहीतर असतील आणि याने ती स्वतःसाठी राखून ठेवली असतील. यादी हातात घेऊन ती दारं वाजवू लागली. सहा, आठ, अकरा. घरं होती. माणसं होती. खिडक्याही धुतलेल्या होत्या.

एकोणीस नंबरला टॅटरसॉल बाईंनी दार साखळीइतकंच उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, केसांना रोलर लावलेले.

“खिडक्यांची नवी बाई? म्हणजे तू विल्फची माणूस का?”

“विल्फ कोण?”

“विल्फ कोण म्हणे! विल्फ एन्टविसल, क्लिफर्डचा थोरला. नदीच्या या अंगाची घरं सगळी विल्फने जमवलेली, अलीकडची क्लिफर्डने. दोघा भावांची फेरी, गाडी तेवढी क्लिफर्डची एकट्याची. विल्फ शिडीवरून पडला तेव्हापासून दोन्हीकडचं क्लिफर्ड बघतो, नि त्याला महिन्याला हिस्सा देतो.” साखळीतून त्यांनी लिनेटला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “का गं, काय झालं? क्लिफर्ड फेरी विकतोय की काय?”

लिनेट चढावरच्या बाकावर बसली. खाली नदीपलीकडे कारखान्याची रिकामी धुराडी दिसत होती. आता तिला सगळं टाका टाका दिसत होतं. गाडी एकट्या क्लिफर्डची. यादी दोघांची. यादीचे दोन हजार लिहिले तर भावाला हजार द्यायचे. गाडीचे सात मात्र सगळे आपल्या घशात. कर थोडा जास्त गेला तर गेला. भावाचे पैसे लाटायला माणूस सरकारला वर पैसे मोजायला तयार झाला होता.

आणि या सगळ्यात तिचाही हजार पौंडांचा फायदा होता. गप्प बसून सही केली, तर भावाभावांत काय आहे ते आपल्याला माहीत नव्हतं, असं ती कुणालाही सांगू शकली असती. बाकावर ती बराच वेळ बसली. हजार पौंड म्हणजे हिवाळ्याचा गॅस. मग तिला वाटलं, जो सख्ख्या भावाला असं करतो, तो मला काय सोडणार? आणि विल्फ उद्या काठी टेकत येऊन ‘सत्तर घरं माझी’ म्हणाला, तर मी कुठला कागद दाखवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी, टॅटरसॉल बाईंकडून पत्ता घेऊन, ती बसने वीस मिनिटांवरच्या वृद्धांच्या वसाहतीत गेली.

विल्फ खिडकीपाशी बसला होता. क्लिफर्डसारखेच रुंद खांदे, पण एका बाजूला कललेले. तिने नाव सांगितलं, काम सांगितलं. त्याने बस म्हटलं नाही.

“किती म्हणाला तुला?”

“नऊ हजार.”

विल्फचा जबडा हलला. “मला म्हणाला, फेरीला गिऱ्हाईक आलंय, दोन हजार देतंय, तुझे हजार. बाजार पडलाय म्हणाला.”

“दोन फेरीचे नि सात गाडीचे, असं लिहिलंय.”

“त्या खटाऱ्याचे सात?” विल्फ असा हसला की खोकला लागला. खोकला थांबल्यावर त्याने डोळे बारीक केले. “आणि तू मला हे सांगायला का आलीस? तुझा काय फायदा?”

“तोटाच आहे. गाडीची किंमत खरी लिहिली तर मला हजारभर पौंड कर जास्त बसतो.”

“मग तर मला तुझा जास्तच संशय येतो.”

“येऊ द्या,” लिनेट म्हणाली. “मलाही तुमचा येतोय. मी नऊ हजार मोजायचे, नि उद्या तुम्ही सत्तर घरांवर हक्क सांगायचा, असं व्हायला नको. मला दोघांच्या सह्या हव्यात. एकाची घेऊन मी फसणार नाही.”

विल्फने मान डोलावली. “हां. हे पटलं. बस आता. चहा घेतेस?”

सोमवारी दुपारी सगळे जमले. विल्फला जिना चढवत नव्हता, म्हणून मिस व्हिटल फायली घेऊन खाली आल्या आणि मासे-चिप्सच्या दुकानात, दुपारच्या बंद वेळात, व्हिनेगरच्या बाटल्या बाजूला सारून बसल्या. क्लिफर्ड शीळ घालत आत शिरला. कोपऱ्यात काठी दिसली, आणि शीळ तोंडातच राहिली.

“याला तू आणलंस?” तो लिनेटला म्हणाला.

“टॅक्सीने आणलं. भाडं त्यांनीच दिलं.”

“पोट बिघडलं होतं ना तुझं?”

“बिघडलंच होतं. तुमचा कागद वाचून.”

क्लिफर्ड बसला नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो बोलायला लागला तो भावाकडे न बघता. “बारा वर्षं. बारा वर्षं मी एकटा त्या चढावर जातोय. बर्फात, गारठ्यात, बोटं काचेला चिकटेपर्यंत. हा तिथे खुर्चीत बसून दर महिन्याला हिस्सा खातो. ख्रिसमसला एक कार्ड नाही. पाठ माझी मोडली, आणि विकायच्या वेळी अर्धं त्याचं? कुठला न्याय हा?”

लिनेटला पहिल्यांदाच वाटलं, की या माणसाच्या बोलण्यात खोट नाहीये. तिला ते आवडलं नाही.

मग विल्फ हळूच म्हणाला, “शिडी कोणी धरायची होती, क्लिफ?”

क्लिफर्ड व्हिनेगरच्या बाटल्यांकडे बघू लागला.

“पाच मिनिटं म्हणालास. सिगारेट आणतो, पाच मिनिटांत आलो. मी वर होतो.”

“तू वर चढायला नको होतंस मी येईपर्यंत.”

“मी वरच होतो. तू गेलास तेव्हा मी वरच होतो.”

तळणीतलं तेल कुठेतरी निवत चुरचुरत होतं. क्लिफर्डने खुर्ची ओढली आणि धपकन बसला.

मिस व्हिटलनी घसा साफ केला. “शिडी कोणी धरली होती, ते कराच्या अर्जात विचारत नाहीत. गाडी केवढ्याची होती, ते विचारतात. मी गॅरेजवाल्याकडून किंमत लिहून आणलीये. गाडी, टाकी, सगळं सामान धरून तीन हजार. उरले सहा, ते फेरीचे. तीन तुमचे, तीन यांचे. आणि ऐका, क्लिफर्ड. तीन हजारांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. म्हणजे सरळ वागलात, तर फेरीच्या पैशांवर दोघांनाही एक पेनी भरावी लागत नाही. तुम्ही भावाचे दोन हजार दाबायला आठशे पौंड सरकारला जास्तीचे भरायला निघाला होतात.”

“मला ठाऊक होतं,” क्लिफर्ड पुटपुटला.

“ठाऊक होतं?”

“हिशेब केला होता मी. तरी चालणार होतं मला.”

विल्फने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि पेन मागितलं. त्याची सही लांबलचक, शाळकरी वळणाची होती. क्लिफर्डने दोन अक्षरं ओढली. कागदात मिस व्हिटलनी आणखी दोन अटी घातल्या होत्या. तीन वर्षं दोघांपैकी कोणीही हॅगशॉमध्ये दुसऱ्याची काच पुसायची नाही, आणि क्लिफर्डने लिनेटला दारोदार नेऊन ओळख करून द्यायची. भाऊ वेगवेगळ्या दारांनी गेले. एक पुढच्या, एक मागच्या.

क्लिफर्डने ओळख करून दिली, पण कशी! बेल वाजवायची, “आता ही येईल,” म्हणायचं, आणि वळून चालू पडायचं. लोक लिनेटकडे असे बघायचे, जणू तिने त्या भल्या माणसाला घराबाहेर काढलंय. अलीकडची नऊ घरं पहिल्याच महिन्यात गळाली. क्लिफर्डनेच कान भरले असणार, अशी तिला खात्री होती. दोनदा तिने गाडी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी लावून पाळत ठेवली. तो वाटाण्याचे वेल बांधत होता. बाकी काही सापडलं नाही.

पलीकडची सत्तरच्या सत्तर घरं मात्र टिकली. त्याचं कारण तिला तिसऱ्या फेरीला कळलं. ती एकोणीस नंबरची वरची खिडकी धूत असताना टॅटरसॉल बाई खाली हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“डावा कोपरा राहिला,” त्या ओरडल्या.

“आता तिकडेच येतेय.”

“नाही, विल्फला सांगावं लागतं ना. दर रविवारी फोन करतो. सगळ्यांना करतो, पाच नंबरपासून. कोपरे नीट पुसते का, चौकट आधी धुते का, पैसे मागताना नीट बोलते का.”

“मग काय सांगता तुम्ही?”

“खरं तेच सांगते,” टॅटरसॉल बाई म्हणाल्या, आणि किती बरं-वाईट ते काही त्यांनी सांगितलं नाही.

लिनेटला आधी राग आला. मग तिच्या मनात आलं, तिनेही हेच केलं असतं. त्या दिवशी तिने एकोणीस नंबरचे कोपरे दोनदा पुसले.

जानेवारीत मिस व्हिटलनी तिचा अर्ज भरला. तीन हजार वजा झाले, फेरीच्या सहा हजारांतलं काहीच वजा झालं नाही, आणि कराचा आकडा बघून लिनेटने ओठ घट्ट आवळले. “तो सात हजारांचा कागद आठवला का?” मिस व्हिटलनी विचारलं. “आठवला,” ती म्हणाली, आणि चेक फाडून दिला.

त्याच आठवड्यात बेकरीच्या रांगेत क्लिफर्ड तिच्या पुढेच उभा होता. ओळखी करून दिल्यापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. वळून न बघताच तो म्हणाला, “क्लच जड लागतोय का?”

“का?”

“चढावर सोडताना खडखडतो का?”

“का विचारताय?”

“असंच.” त्याने पाव घेतला, सुट्टे मोजले. “बघून घे म्हणतो,” एवढं बोलून तो निघाला.

लिनेट रांगेतच विचार करत राहिली. याला गाडी परत हवीये? गॅरेजवाल्याशी संगनमत आहे? की मला उगाच खर्चात पाडायचंय? त्याच्या ओळखीचं गॅरेज टाळून ती मुद्दाम दोन गावं पलीकडच्या एकाकडे गेली, आणि तो गाडीखाली असताना बाजूलाच उकिडवी बसून राहिली.

“बाई,” तो गाडीखालून म्हणाला, “अजून पंधरा दिवस चालवली असतीत, तर मागे पाण्याने भरलेली टाकी घेऊन चढावरून उलट खाली आला असतात. कोणी सांगितलं तुम्हाला?”

परत येताना तिने वाट वाकडी केली आणि क्लिफर्डच्या घरावरून गाडी हळू नेली. तो खिडकीतच होता. तिने स्टिअरिंगवरून हात वर केला. त्याने बघितलं, नक्की बघितलं, आणि पडदा ओढून घेतला.